भिंतीशी बसलेल्या

नणंदेच्या मंगळागौरीत सगळ्याजणी फुगड्या घालत होत्या आणि मी झोपलेल्या बाळाला मांडीवर घेऊन भिंतीशी बसले होते. त्याला खाली ठेवलं असतं तरी चाललं असतं. पण बाळंतपणानंतर उडी मारली किंवा जोरात हसले, की मला थोडी लघवी होते. हे मी फक्त डॉक्टरांना सांगितलं होतं, तेही इंग्रजीत. मराठीत ते फारच माझं वाटतं.

धुपाच्या धुराने समोर उभ्या आतेसासूबाईंना शिंक आली. त्यांनी आधी चौकट धरली, पायावर पाय घट्ट घेतला आणि मगच त्या शिंकल्या. मीही अशीच शिंकते. आजवर किती मंगळागौरींत गुडघ्याचं निमित्त सांगून बायका भिंतीशी बसल्या असतील!

आमची नजरानजर झाली. तेवढ्यात नणंद ओरडली, "वहिनी, ये ना खेळायला!"

"राहू दे गं तिला," म्हणत आत्या माझ्याशेजारी टेकल्या. मग हळूच म्हणाल्या, "तुलाही होतं?"

मी मान हलवली. "डॉक्टरांनी व्यायाम दिलाय, आत्या. लघवी रोखल्यासारखं आवळायचं, मग सैल सोडायचं. बसूनही करता येतो."

"आत्ता, इथे?"

"कुणाला कळत नाही."

आत्यांनी पदर सावरला आणि पूजेला बसल्यासारखा गंभीर चेहरा केला. मला हसू फुटलं.

"हसवू नकोस गं बाई," त्या पुटपुटल्या, "सगळं मुसळ केरात जाईल."