न घातलेल्या घड्या

“अहो बाई, तुम्हीच तर लिहून दिलंय,” असं म्हणत श्रीरंगरावांनी माझाच व्हॉट्सअॅप मेसेज माझ्यासमोर धरला. ‘अमोनिया प्रिंटच आहे. जुनी.’ खाली माझं नाव.

हडपसरच्या एका गेम-कंपनीच्या ऑफिसात एसी इतका, की मी पदर लपेटून बसले होते. टेबलावर दोन नकाशे. दोन्हींत एकच राज्य, तेच काळडोह नावाचं तळं, तीच ड्रॅगनची गुहा. फासे टाकत, गोष्ट रचत खेळायचा एक खेळ असतो, त्याचा हा नकाशा. श्रीरंगराव आणि त्यांचा मित्र दीपक इंजिनिअरिंगला असताना होस्टेलवर तो खेळायचे. दीपक आता नाही. त्याची मुलगी अनघा माझ्या शेजारी बसली होती. कंपनी तो खेळ बाजारात आणणार होती, आणि बॉक्सवर नकाशा कुणाचा म्हणून छापायचं, ते त्याच दिवशी ठरायचं होतं.

श्रीरंगरावांचं म्हणणं सरळ. नकाशा मी एकट्याने काढला, माझ्याकडे आहे ती पहिली प्रिंट. दीपकची नंतरची, माझ्या प्रिंटवरून काढलेली.

आता यात मी कोण, तर बुधवार पेठेत माझं कॉपीचं दुकान होतं. शाळा दहावीपर्यंत. बाकीचं शिकले ते मशीन उघडून आणि मेकॅनिकची बोलणी खाऊन. अमोनिया प्रिंट म्हणजे काय, तर रसायनाचा मसाला लावलेला पिवळसर कागद घ्यायचा, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवायचा, प्रकाश दाखवायचा आणि मग अमोनियाची वाफ द्यायची. रेघ असेल तिथे निळं उमटतं. इंजिनिअरिंगची मुलं त्यासाठी रांग लावायची आणि माझे डोळे दिवसभर चुरचुरायचे. पुढे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग निघायला लागली, तेव्हा ते मशीन मी भंगारात दिलं. चांगली रंगीत कॉपी आमच्याकडे त्याच्याही नंतर आली.

मग तो मेसेज? कंपनीच्या मॅनेजरने, रोहितने, मला श्रीरंगरावांच्या नकाशाचा फोटो पाठवला होता. निळ्या रेघा दिसल्या. घड्या दिसल्या, घडीवर रंग उडालेला. मी कुकर लावता लावता उत्तर टाकलं. इतक्या वर्षांचा अनुभव ना, त्याचीच गुर्मी.

“कागद हातात घेऊ का?” मी विचारलं.

“फोटोवर ओळखलंत की,” श्रीरंगराव म्हणाले. “आता हात कशाला?”

“फोटोवरून बोट फिरवता येत नाही हो.”

रोहितने कागद माझ्याकडे सरकवला. मी डोळे मिटून घडीच्या रेघेवरून बोट नेलं. काही लागलं नाही. परत नेलं. कागद सपाट, गुळगुळीत. उलटून पाहिला, मागे घडीचा पत्ता नाही. भिंग काढलं. निळी रेघ अखंड नव्हती, बारीक रंगीत ठिपक्यांची होती.

“हा अमोनिया नाही,” मी म्हटलं. “रंगीत कॉपी आहे. मी चुकले.”

“काल एक, आज एक,” श्रीरंगराव हसले. “उद्या हातमागावर विणलाय म्हणतील.”

रोहित हसला नाही. “मॅडम, फाइल संध्याकाळी प्रेसला जातेय. तुमचा कुठला शब्द धरू?”

“माझा एकही धरू नका. स्वतः बघा.”

मी अनघाचा नकाशा त्याशेजारी ठेवला. त्यात एक घडी आधी तिरकी पडलेली होती, मग कुणीतरी सरळ करून पुन्हा घातलेली. रोहितच्या बोटाला ती लागली. मग त्याने श्रीरंगरावांच्या कागदावर तीच जागा शोधली. तिरकी रेघ तिथेही होती. नुसती छापलेली.

“ज्या कागदाला घडीच घातली नाही, त्यावर घडी आली कुठून?” मी विचारलं.

अनघाने माझा हात धरला. “म्हणजे काकू, नकाशा बाबांनीच काढला ना?”

तिला हो म्हणावंसं फार वाटलं. “बाळ, कुठला कागद आधीचा, तेवढं मी सांगू शकते. हात कुणाचा, ते मला कळत नाही.”

तिने हात सोडला. श्रीरंगराव चष्मा पुसत राहिले.

“दीपकच्या तेराव्याला वहिनींकडून मागून नेला होता,” ते शेवटी म्हणाले. “कॉपी काढून परत दिला.” मग चष्मा डोळ्यांवर चढवत, “डोंगर-नद्या माझ्या आहेत. गावं आणि नावं सगळी दीपकची. काळडोह त्याचाच.”

“मग दोन नावं,” रोहित टाइप करायला लागला. “आधी कुणाचं?”

मी अनघाकडे पाहिलं. ती टेबलाकडे बघत होती.

“दीपकचं,” श्रीरंगराव म्हणाले.

घरी आल्यावर मी तो मेसेज पुसला नाही. त्याखालीच ‘चुकीचं आहे’ असं लिहून ठेवलं. अजूनही लोक फोटो पाठवतात आणि वय विचारतात. मी एकच उत्तर देते, कागद घेऊन या. आणि कुकर उतरेपर्यंत तेही देत नाही.