बारा जणांचा फ्लेक्स

दिवाळी अंकात माझी कथा छापून आली आणि दिराने रहाटणीच्या चौकात फ्लेक्स लावला. त्यावर बारा जणांचे फोटो. नवरा, दीर, चुलत दीर, त्यांचे मित्र. निम्मे गॉगल लावून, निम्मे हात जोडून. माझा फोटो नाही. आमच्या घरातल्या बायका चौकात झळकत नाहीत म्हणे. खाली ‘आमच्या वहिनीसाहेबांचे हार्दिक अभिनंदन’ आणि लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं ते नाव.

माझं डोकंच फिरलं. कथा नेमकी त्याच ताटाची होती. त्यातली बाई स्वतःच्या हाताने ते तांदूळ विस्कटते आणि जन्माचं नाव परत घेते. चाकणला कंपनीच्या बसमधून जाताना, मांडीवर डबा आणि डब्यावर वही ठेवून मी ती लिहिली होती. अंकातही माझं जन्माचंच नाव आहे, चांगलं ठळक. म्हणजे बारापैकी एकानेही अंक उघडला नव्हता!

दिराला म्हटलं, “भाऊजी, हे माझं नाव नाही.”

“असं कसं वहिनी? आधार कार्डावर हेच हाय की. आन् तुमच्या माहेरच्या नावाला इथं कोण वळखतंय?”

नवरा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. त्याचा राग आलाच, पण स्वतःचा जास्त आला. सकाळी फॅमिली ग्रुपवर त्या फ्लेक्सच्या फोटोखाली जोडलेले हात मीच टाकले होते. नऊ वर्षांची सवय, दुसरं काय.

सासूबाईंना वाचता येत नाही. संध्याकाळी आम्ही दोघी भाजी घेऊन येत होतो, तेव्हा त्या फ्लेक्सपाशी थांबल्या. एकेक चेहरा बघितला.

“ह्यात तू कुठं हाय गं?”

“मी नाही, आई.”

“आन् नाव?”

“तांदळातलं आहे. माझं नाही.”

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “माझं बी तांदळातच गेलं.”

मी त्यांचं माहेरचं नाव विचारलं. इतक्या वर्षांत मलाही सुचलं नव्हतं, याची लाज वाटली. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच सांगितलं.

आता माझं पुस्तक येतंय. मुखपृष्ठावर माझं जन्माचं नाव आहे. त्यावरून घरात भांडण चालू आहे, चालू दे. आत पहिल्या पानावर सासूबाईंचं आहे, त्यांना विचारून छापलेलं. इथे मी ते सांगणार नाही. त्या बारा जणांना हवं असेल, तर पुस्तक उघडावं लागेल.