विकणारा कोण?

"विकणारा कोण?" कुणीही नवी वस्तू दाखवली की तिचा हा पहिला प्रश्न. किंमत नाही, रंग नाही. समोरच्याच्या हातातला मोबाईल ती हळूच काढून घ्यायची, बोटानं पान सरकवत अगदी तळाशी जायची आणि बारीक अक्षरांत विक्रेत्याचं नाव असतं तिथे थांबायची.

मुलांनो, मागच्या सुट्टीत तुम्ही नेरूळला आलात तेव्हा समोरच्या घरातून गरम आंबोळ्या आणून देणारी ती हीच. आता त्या दारावर दुसऱ्यांची पाटी आहे. ती कुठे गेली असं तुम्ही फोनवर विचारलंत. तुम्हीही सगळं मोबाईलवरूनच मागवता, म्हणून क्रमानं लिहिते.

ऐरोलीला एका ऑनलाइन बाजाराच्या कंपनीत ती होती. कंपनीला कशाकशापासून धोका आहे ते हुडकायचं आणि वरच्यांना कळवायचं, हे तिचं काम. मी विचारलं, धोका म्हणजे चोरांचा का? ती म्हणाली, चोर परवडले. मग सांगू लागली: नकली माल, पैसे देऊन लिहून घेतलेले अभिप्राय, बदलणारे सरकारी नियम, सामान पोचवणाऱ्या पोरांचे संप. "गोदामं भाड्याची, गाड्या भाड्याच्या. कंपनीचं स्वतःचं म्हणाल काकू, तर लोकांचा भरवसा. तो गेला की दुकान बंद."

सोसायटीत तिची चेष्टा व्हायची. हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लास्टिकचे डबे मिळाले, तर तिनं तिथेही तो प्रश्न विचारला. यजमानीण म्हणाली, "अगं, वाण आहे ते, त्याला गॅरंटी नसते." दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, हिला स्थळ सांगून आलं तरी ही हेच विचारेल. सगळ्यांत जास्त तीच हसली. "विचारलं होतं ना वहिनी! म्हणून तर अजून इथेच आहे."

शिरवण्याहून आपल्या गेटवर मासे विकायला येणाऱ्या मावशी तुम्हाला आठवत असतील. त्यांनाही एकदा तिनं छेडलं, मावरं कुठून आणलंत म्हणून. मावशींनी कोयता खाली ठेवला. "वाईट निगालं तं उद्या माज्याच टोपलीत आनून टाक. मी काय पलून चाललीय?" या उत्तरावर ती बेहद्द खूश झाली. पुढे कितीतरी दिवस म्हणत होती, आमच्या बाजारात नेमकं हेच नाही. वाईट निघालं तर कुणाच्या टोपलीत नेऊन टाकणार?

एका संध्याकाळी चहा घेताना तिनं मला मोबाईलवर हेल्मेटची तीन दुकानं दाखवली. नावं वेगळी, गावं वेगळी. पण प्रत्येक फोटोत हेल्मेट धरणारा हात तोच. अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं. एक दुकान तिनं बंद करवलं की तो अंगठा दुसऱ्या नावानं हजर. तिनं एक हेल्मेट मागवून घेतलं होतं. सरकारी शिक्का मारलेलं ते हेल्मेट मी दोन्ही तळव्यांत दाबलं, तर पुठ्ठ्यासारखं आत गेलं. माझ्या म्हातारीच्या हातांनी.

तिनं वरच्यांना कळवलं: ही सगळी दुकानं एकदम बंद करा. उत्तर आलं, दिवाळी होऊ दे. कंपनी लवकरच शेअर बाजारात उतरणार होती, आणि सणाच्या तोंडावर विक्री घटलेली दिसणं कुणालाच नको होतं.

दिवाळी झाली. मग घणसोलीहून एका बाईनं त्यातलंच एक हेल्मेट परत घेण्याची विनंती केली. मोबाईलवर कारणं ठरलेली असतात: माप चुकलं, रंग वेगळा, वस्तू तुटलेली. त्या बाईनं 'वस्तू तुटलेली' निवडलं होतं. दुसरं कुठलं निवडणार? सोबत फोटो होता. हॉस्पिटलच्या चादरीवर हेल्मेटचे दोन तुकडे. संगणकानं माणसाला न विचारताच पैसे परत केले आणि खाली विचारलं, आमची सेवा कशी वाटली?

रविवारी ती घणसोलीला गेली. जाऊ नये असा कंपनीचा नियम होता. नवरा स्कूटरवरून पडलेला, डोक्याला मार, माणसं ओळखत नव्हता. ही म्हणाली, मी कंपनीतून आलेय. ती बाई गडबडून म्हणाली, "पैसे तर परत आले ताई. अजून काही भरायचं राहिलंय का?"

घरी येऊन तिनं मला हे सांगितलं तेव्हा चहाला हात लावला नाही. कंपनीला आधीपासून माहीत होतं, हे तिनं त्या बाईला सांगून टाकलं होतं. बाईनं बेलापूरच्या ग्राहक न्यायालयात दावा लावला आणि साक्ष द्यायला ही तयार झाली. मी तिला नोकरीचा विचार कर म्हटलं, मालवणच्या आईचा कर म्हटलं. तिनं ऐकून घेतलं.

"धोका कळवणं माझं काम होतं, काकू. मी कळवला, पण कंपनीला. त्या माणसाला कुणी कळवायचं?"

नोकरी लगेच गेली. कंपनीचे वकील तारखांमागून तारखा घेत राहिले. त्यांचं म्हणणं, आम्ही फक्त जागा देतो, माल दुसऱ्याचा. त्या दुसऱ्याच्या पत्त्यावर एक बंद पडलेलं सलून निघालं.

साक्षीच्या दिवशी मी तिच्यासोबत बेलापूरला गेले. कडक इस्त्रीची साडी नेसून ती बाकावर बसली होती. तिथेच कळलं, तडजोड झाली. बाईनं पैसे घेऊन दावा मागे घेतला, आणि यापुढे कुठे काही बोलणार नाही असं लिहून दिलं. साक्षीची गरज उरली नाही. मी चिडले. ती म्हणाली, "बरोबर केलं तिनं. त्याला रोज उपचार लागतात. माझ्या साक्षीनं तो उठून बसणार होता का?"

नंतर त्या धंद्यातल्या कुठल्याच कंपनीनं तिला दारात उभं केलं नाही. जागा सोडून ती मालवणला आईकडे गेली. मी फोन करते. कधी उचलते, कधी नाही.

पण मला ती दिसते ती त्या दिवशीची, न्यायालयाच्या फाटकापाशी. बाई नवऱ्याला रिक्षात बसवत होती. तिनं हिला पाहिलं आणि मान वळवली. लिहून दिलं होतं ना. नवऱ्यानं आधी कंपनीच्या वकिलांना हसून नमस्कार केला. मग रिक्षा निघाली तेव्हा लहान मूल करतं तसा हिच्याकडे बघून हात हलवला. हिनंही हात वर केला. रिक्षा वळली, दिसेनाशी झाली, तरी तो हात तसाच वर. शेवटी मीच तो धरून खाली घेतला.