फ्लेक्सवरचे आबा

आमच्या आजेसासऱ्यांना मी दरोडेखोर केलं. मुद्दाम नाही केलं, पण झाले खरे.

त्याचं असं आहे, मला नेटवरून काहीबाही गोळा करायचा नाद आहे. जुन्या सिनेमांची पोस्टरं, कुण्या कवीनं किराणा यादीच्या पाठीवर खरडलेल्या ओळी, नाटकांची तिकिटं, पन्नास वर्षांपूर्वीच्या दिवाळी अंकातली केसांच्या तेलाची बाई... दिसलं की घे फोनमध्ये! नवरा म्हणतो, "तुझ्या फोनमध्ये आपल्या लग्नाचा एक फोटो नाही, पण कोण कुठल्या नटीच्या कुत्र्याचे चार आहेत." (खोटं आहे. सहा आहेत.)

या सगळ्या पसाऱ्यात माझा लाडका म्हणजे एक खलनायक. काळापांढरा फोटो. डोक्याला फेटा, गालांपर्यंत मिशा, कमरेला खंजीर, मागे घोडा. नट कोण, सिनेमा कुठला, कुणालाच माहीत नाही. तीन वर्षं मी जुन्या सिनेमांच्या ग्रुपवर 'ओळखा पाहू!' म्हणून तो टाकत होते. उत्तरं काय यायची? 'छान.' 'मस्त.' 'शुभ सकाळ ताई.'

अशात नणंदेचा, पल्लवीचा साखरपुडा ठरला. माझं माहेर पुण्यातलं, पण लग्न होऊन भरे गावी आल्यावर एक कळलं, आमच्या मुळशीत फ्लेक्सशिवाय पान हलत नाही. वाढदिवस असो, बारसं असो, दारात नवा जेसीबी येवो, आधी फ्लेक्स! आणि शुभकार्याच्या फ्लेक्सवर वरच्या कोपऱ्यात घरातल्या गेलेल्या वडीलधाऱ्यांचा फोटो पाहिजेच. त्यांच्या आशीर्वादाशिवाय सगळं फोल.

इथंच घोडं अडलं. सासरे, म्हणजे अण्णा, अडीच वर्षांचे असताना त्यांचे वडील, आबा, गेले. घरात आबांचा एकुलता एक फोटो, तोही वाळवीनं खाल्लेला. उरला होता फेटा आणि डावा कान. अण्णांना बापाचा चेहरा म्हणून कधी आठवलाच नाही. एके दिवशी त्यांनी ती फ्रेम माझ्या हातात ठेवली.

"तुला फोनातलं लई येतंय नव्हं? मग आबास्नी जरा नीट कर. जमंल तेवडं कर." एवढं बोलून लगेच गोठ्याकडे निघून गेले.

मी फोटो काढला, ॲपमध्ये घातला. ॲपनं आबांना दुसरा कान दिला, पण त्यात डूल होतं! पुन्हा घातला, तेव्हा नाक दोन. पाचव्या खेपेला माणसासारखा माणूस तयार झाला आणि मी तो ठेवून दिला. कुठे? जिथे माझा सगळा पसारा असतो तिथेच, खलनायकाच्या शेजारी.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी माझ्या दोन्ही हातांवर ओली मेंदी आणि पिरंगुटच्या फ्लेक्सवाल्याचा फोन.

"वैनी, मशिन चालू हाय. दोन मिन्टांत फोटू टाका, न्हाईतर आबांच्या जागी गनपती छापतो."

मी करंगळीच्या पेरानं फोटो दाबला आणि पाठवला. चष्मा कपाळावर होता. असो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवाच्या तोंडाशी बारा बाय आठचा फ्लेक्स चढला. खाली पल्लवी आणि नवरामुलगा हसतायत आणि वर कोपऱ्यात, 'कै. आबांच्या कृपाशीर्वादाने', खंजिरावर हात ठेवून माझा खलनायक उभा!

हळदीकुंकवाचं ताट तिथंच खुर्चीवर टेकवून मी नवऱ्याला हाक मारली. नवरा धावत आला.

"अगं, हा तर तुझा दरोडेखोर!"

"हळू बोल!"

"काढू का खाली?"

"काढ, काढ, लवकर काढ!"

तो शिडी घेऊन आला तोच अण्णा आले. मान वर करून बघितलं. मग चपला काढल्या. हात जोडले. सदुसष्ट-अडुसष्ट वर्षांचा माणूस, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"आबा," म्हणाले, "लई उशीर केला हो."

नवऱ्यानं शिडी परत ठेवली.

त्यानंतर भावकी जमली. आबांना ज्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं, त्यांनाच सगळं आठवायला लागलं!

"नजर बगा नजर! म्होरं उबं ऱ्हायाची टाप नव्हती कुनाची."

"पर खंजीर कशापायी?"

"आरं, रानात बिबट्या नव्हता का तवा?"

"आन् घोडा?"

"व्हता की एक. दुष्काळात इकला."

दुपारी बारापर्यंत आमच्या घराण्याकडे एक घोडा, दोन तलवारी आणि पौडपर्यंत जमीन झाली होती. फक्त अण्णांची थोरली बहीण, हौसाआत्या, खुर्चीत बसून सुपारी कातरत होती. ती काहीच बोलली नाही. म्हटलं, पंच्याहत्तरीची बाई, दिसत नसेल लांबचं. देव पावला!

तेवढ्यात महाळुंग्याहून पाहुणे आले. सगळ्यांत पुढे नवऱ्यामुलाचे आजोबा, दादा. हे दादा सोयरिकीआधी सात पिढ्या तपासणारे, असं मध्यस्थानं आम्हाला आधीच बजावून सांगितलेलं. ते आले आणि फ्लेक्सपाशी थबकले. पुढे गेले, मागे आले, काठी टेकून उभेच राहिले. मी पाण्याचा तांब्या घेऊन धावले.

"पोरी, ह्यो कोन?"

"आमचे... आजेसासरे."

"आसं व्हय?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तरनेपनी मी जत्रंत तंबूतला शिनेमा चालवायचो. ह्या गड्याला मी रोज दोनदा मरताना पायलंय. कड्यावरनं पडतो. घोडा ऱ्हातो वरच."

आता कुठलीही शहाणी बाई काय करेल? पाय धरेल, रडेल, निदान चक्कर येऊन पडेल. आणि मी? तीन वर्षं ज्याच्या शोधात होते, तो माहितगार माणूस समोर उभा! माझ्या तोंडून मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात निघालं, "काय सांगता! सिनेमाचं नाव काय? नट कोण?"

अण्णा पुढे आले. "शिनेमा? कसला शिनेमा?"

मी तांब्याकडे बघत राहिले. पल्लवीचा चेहरा पांढराफटक. दादांनी एकदा अण्णांच्या ओल्या डोळ्यांकडे पाहिलं, एकदा माझ्या तांब्याकडे.

"काय न्हाई इवाई," ते म्हणाले, "तुमच्या वडलांवानी एक हिरो व्हता, ते सांगत व्हतो सूनबाईला. पर तुमच्या आबांची सर न्हाई त्याला!"

अण्णांची छाती चार बोटं फुगली. साखरपुडा झाला. पंगतीत दादांनी मला शेजारी बसवून घेतलं. "आता दाव, आजून काय काय हाय फोनात." जिलेबी गार होईस्तोवर आम्ही पोस्टरं बघितली. नटाचं नाव मात्र त्यांनाही माहीत नव्हतं. "नाव कोन इचारतंय? ह्यो पडला की पब्लिक शिट्ट्या मारायचं, येवडंच ठावं."

संध्याकाळी हौसाआत्या रिक्षात बसताना मला जवळ बोलावून म्हणाली, "सूनबाई, आबांना मिशी कंदी फुटलीच न्हाई."

"आत्या! तुम्हाला कळलं होतं? मग बोलला का नाहीत?"

"मी नऊ वर्साची व्हते तवा. मला आटवतोय बाप. अण्णाला कुटं? आज घावला त्याला. आता काय काडून घेतीस?" मग सुपारीचं खांड तोंडात टाकत म्हणाली, "आन् खरं सांगू? ह्यो दिसाया बरा हाय."

आता तो फोटो मोठ्या फ्रेममध्ये घरात आहे. सणावाराला मीच त्याला हार घालते. वर अण्णांचा हट्ट, "जगाचं टाकतीस नेटवर, आमच्या आबांचंबी टाक की!" नाही कसं म्हणणार? टाकलं. घोडा, बिबट्या, सगळं लिहून टाकलं. ते पुढे फिरत फिरत कुठल्या कुठे गेलं.

परवा न राहवून मी एका नव्या ग्रुपवर तोच फोटो पुन्हा टाकला, 'ओळखा पाहू!' तीन वर्षांत पहिल्यांदाच पाच मिनिटांत उत्तर आलं.

'सोप्पं आहे ताई! हे मुळशी तालुक्यातील भरे गावचे कै. आबा. नेटवर सविस्तर माहिती आहे, त्यांच्या अभ्यासू नातसुनेनं लिहिलेली. दुसऱ्या कुणावर विश्वास ठेवू नका.'