वाऱ्याच्या बाजूला

शाळेतून निवृत्त झाल्यावर बायकोने रानफुलांचे फोटो काढायला सुरुवात केली आणि मला छत्री धरायचं काम मिळालं. छत्री उन्हासाठी नव्हे, वाऱ्यासाठी. नखाएवढं फूल जरा हललं की फोटो पुसट येतो. म्हणून वारा येईल त्या बाजूला मी उघडी छत्री घेऊन उकिडवं बसायचं आणि बोलायचं नाही, असं ठरलं. कोणी ठरवलं ते सांगायला नको.

गणपती उठल्यावर आम्ही नगरहून भंडारदऱ्याकडे गेलो. रस्त्यापासून थोडं वर एक ओढा डोंगरातून उतरतो. त्याच्या काठच्या ओल्या कातळावर सीतेची आसवं फुलली होती, जांभळी, दाटीवाटीने. बायको कातळावर पालथी झोपली. वारा पाण्याकडून येत होता, त्यामुळे मीही पाण्याकडे.

"थोडं मागे," ती म्हणाली. मी सरकलो.

"अजून थोडं."

मागे शेवाळ होतं.

मी ओढ्यात बसलो. पाणी कमरेपर्यंत आलं आणि फार गार होतं. छत्री मात्र हातातून सुटली नव्हती. पलीकडे गवत कापणारी एक बाई विळा टाकून धावत आली.

"अवो बाई, तुमचा मानूस पान्यात पडलाय!"

"बघितलं मी," बायको मान न वळवता म्हणाली. "अहो, छत्री तशीच धरा. एकच राहिलाय."

"फूल काय पळून जातंय व्हय? मानूस वाहून गेला म्हंजी?"

"गुडघाभर पाणी आहे, मावशी."

ते खरं होतं. मावशींनी मला बखोटीला धरून बाहेर काढलं. घोटा सुजायला लागला होता. त्यांच्या आधाराने मी लंगडत रस्त्यापर्यंत आलो. वाटभर त्या बायकोला बोलत होत्या आणि बायको मागून कॅमेरा पुसत येत होती. गाडीपाशी मावशींनी फोटो बघायला मागितला. बराच वेळ बघितला.

"लई बारीक असतंय हे," त्या म्हणाल्या. "हितं केवढं दिसतंय!"

मग त्या बायकोला काही बोलल्या नाहीत.

गाडी बायकोनेच चालवली. नगरला डॉक्टरांनी विचारलं, "कसे पडलात?"

"फोटो काढताना," मी म्हणालो.

"फोटो मी काढत होते," बायको म्हणाली. "हे नुसते बसले होते."

घोट्याला पट्टी बांधून मला घरी बसवलं. पुढच्या रविवारी ती धाकट्या बहिणीला घेऊन गेली. संध्याकाळी परत आली, गरम पाण्याची पिशवी माझ्या पायावर ठेवली आणि शेजारी बसली. फोटो दाखवले नाहीत. शेवटी मीच विचारलं.

"सगळे हललेत," ती म्हणाली. "तिला एका जागी गप्प बसवत नाही."

मला फार बरं वाटलं. थोड्या वेळाने तिने पिशवी जरा सरकवली आणि पट्टी कधी काढायची म्हणाले डॉक्टर, असं विचारलं.