मालक घरी राहतात का?

हे प्रकरण आठवलं की आधी माझा गाढवपणा आठवतो. ज्याच्याविरुद्ध तक्रार होती त्याची बेल दाबायची सोडून मी तक्रारदाराचीच दाबली. ओळखपत्र दाखवलं आणि क्लासमध्ये शिकलेल्या डचमध्ये खणखणीत आवाजात विचारलं, "तुम्ही खरोखर या घरात राहता का?"

तो म्हातारा डच गृहस्थ शांतपणे म्हणाला, "मी राहतो. शेजारचा राहत नाही. फोन मीच केला होता."

तोवर समोरच्या खिडक्यांचे पडदे हलले होते. खबऱ्याचं नाव गुप्त कसं ठेवावं, यावर मी पुण्यात नव्या शिपायांना भाषणं द्यायचो!

फौजदारकीतून ऐच्छिक निवृत्ती घेऊन मी बायकोच्या नोकरीमागे नेदरलँड्समधल्या रायस्वाइकला आलो. भाषा शिकलो आणि जवळच्याच विद्यापीठाच्या गावात, नगरपालिकेत घरतपासणीचं काम मिळालं. नियम असा होता: मालक स्वतः राहत असेल तर घरात दोन विद्यार्थी ठेवायला परवाना लागत नाही. मालक राहत नसेल तर लागतो. आणि त्या गल्लीतला परवान्यांचा कोटा संपलेला होता.

शेजारचं दार उघडलं ते सत्तरीच्या एका मराठी काकांनी. माझं आडनाव वाचून ते खूशच झाले. विद्यार्थी कॉलेजला गेले होते. जबाब घ्यायला बसलो.

"इथेच राहतो हो. सकाळी कुकर लावतो, दोन वेळचा वरणभात होतो."

माणूस मोठं खोटं जपून बोलतो आणि बारीकसारीक गोष्टीत सापडतो, हे मी ठाण्यात शिकलो होतो. "पाणी घेतो हं," म्हणत स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावरच्या कुकरचं झाकण उचललं. आतली रबरी रिंग वाळून कडक झाली होती. बोट लावताच तिचा तुकडा पडला.

"काका, हा कुकर शेवटचा कधी लावला होतात?"

काका हसले. "पोलिसात होतात ना तिकडे? वाटलंच मला." मग खुर्चीत बसले. मागे भिंतीवर नवराबायकोचा फोटो होता.

"काकू कुठे आहेत?"

"केअर होममध्ये. विसरत चालली आहे. डच गेली, इंग्रजी गेली, आता नुसती मराठी उरली. तिथे कुणाला कळणार? मी शेजारी नसलो की दारापाशी जाऊन उभी राहते. म्हणून मीही तिथेच झोपतो. नर्स बिचाऱ्या कानाडोळा करतात."

"मग हे घर विकून टाका की."

"रोज विचारते, घरी कधी जायचं? मी सांगतो, उद्या. अजून ते खोटं नाही हो. घर आहे, किल्ली खिशात आहे. विकलं की खोटं होईल."

त्या दोन मुलांच्या भाड्यावर घर टिकून होतं. मी काकांबरोबर बसून परवान्याचा अर्ज भरला. तो नाकारला गेला, तेव्हा बायकोला माझ्या डचचा संशय आला. पण कोटाच उरला नव्हता. तक्रारदाराचंही काय चुकलं? त्याच्या नातीला त्या गावात राहायला जागा मिळत नव्हती. अहवाल मी खरा लिहिला. मुलं गेली. थोड्या महिन्यांनी काकांचा फोन आला. घर विकलं होतं. "नवीन लोक चांगले आहेत," म्हणाले, जणू मलाच धीर देत होते.

माणसं स्वतःला वाचवायला खोटं बोलतात, या समजावर मी अख्खी नोकरी केली. हा माणूस माझ्याशी खोटं बोलला, ते बायकोशी खरं बोलता यावं म्हणून. याला कुठलं कलम लावायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

काकांचा फोन आला त्या संध्याकाळी हे सगळं बायकोला पहिल्यापासून सांगितलं. ती लॅपटॉप मिटून ऐकत होती.

"रविवारी जाऊ काकूंकडे," ती म्हणाली. "मऊ भात आणि मेतकूट घेऊन जाऊ. आणि त्यांनी विचारलं ना, घरी कधी जायचं, तर तू गप्प बस. तुझ्या तोंडावर सगळं दिसतं. मी सांगेन, उद्या."