सुवर्णाबाईंचं ‘चालेल’

सातपूरच्या कामगार वसाहतीत सुवर्णाबाईंची ओळख एका शब्दाची होती. भिशीची तारीख पुढे ढकलली? चालेल. हळदीकुंकवाचं वाण म्हणून याही वर्षी प्लास्टिकची गाळणीच आली? चालेल. भाजीवाल्याने मेथी संपली म्हणून शेपू पुढे केला, तरी बाई पिशवीचं तोंड उघडून चालेल म्हणत. समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत त्यांचं उत्तर तयार असे. असं माणूस लोकांना फार आवडतं. का नाही आवडणार?

ही सवय त्यांना नवऱ्याच्या पाळ्यांनी लावली. भारतराव एका कारखान्यात फिटर होते. एक आठवडा पहिली पाळी, मग दुसरी, मग रात्रपाळी, आणि पाळी बदलली की घरही बदलायचं. पहिल्या पाळीला पहाटे डबा, दुसरीला मध्यरात्री ताट. रात्रपाळीच्या आठवड्यात तर दिवसभर घरात कुजबुजत बोलायचं. शिट्टी वाजायला नको म्हणून वरण कुकरऐवजी पातेल्यात शिजे आणि दोन्ही मुलं अभ्यासाला बाहेर ओट्यावर. एका पाळीची भूक आणि झोप अंगवळणी पडते न पडते तोच पुढची लागे. भारतराव माणूस चांगला होता, हेही सांगितलं पाहिजे. पण चांगल्या माणसाची रात्रपाळीसुद्धा रात्रपाळीच असते.

निवृत्तीनंतरही त्यांची भूक-झोप पाळीसारखीच फिरत राहिली. दोन वर्षांपूर्वी ते गेले. रडून झालं, दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, आणि सुवर्णाबाईंना गाढ झोप लागू लागली. रोज त्याच वेळी जाग यायची. मग आलं ठेचून, साखर अगदी नावाला घालून चहा करायचा आणि शेजारच्या कमळाबाईंबरोबर ओट्यावर बसायचं. जेवण ठरल्या वेळी, झोप ठरल्या वेळी. आपल्याला दिवस एकसारखे आवडतात, हे बाईंना साठी उलटल्यावर कळलं. नवरा गेल्यावर असं सुख वाटावं याची त्यांना लाज वाटे. पण सुख वाटे, हे खरं.

मुलं वाईट नव्हती. हिवाळ्यात आई तापाने फणफणली आणि तिने कुणालाच कळवलं नाही, याचा दोघांनी धसका घेतला. थोरला अश्विन गंगापूर रोडला राहायचा, धाकटा राज विंचूरला एका कंपनीत होता. एका रविवारी अश्विनच्या फ्लॅटवर आईसमोर बसून दोघांनी ठरवलं की आईने पाळीपाळीने राहावं. सहा महिने इथे, सहा महिने विंचूरला. सातपूरचं घर तूर्त बंद ठेवायचं. राजला जरा शंका होती, आईला हे जमेल का म्हणून. अश्विन हसला. म्हणाला, “आईचा प्रश्नच नाही रे. आई एकदम फ्लेक्झिबल आहे.”

आणि सुवर्णाबाईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं, “चालेल.”

मग त्या स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. फ्लेक्झिबल हा शब्द त्यांना बेसिनखालच्या पाइपापुरता माहीत होता. माणसाला तो कसा लागतो, हे त्यांनी अश्विनच्या बायकोला, मीनाला विचारलं. मीना कणीक मळता मळता म्हणाली, “म्हणजे लवचिक. तुम्ही कशातही जुळवून घेता ना आई, तसं. चांगलंच असतं ते.” बाईंनी मान डोलावली. पण सातपूरला परत आल्यावर कुलपात किल्ली घालून त्या जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या. हे कुलूप आता लागलेलंच राहणार होतं.

आठवडाभर त्यांना अन्न गोड लागलं नाही. कमळाबाई म्हणाल्या, मग नाय म्हण की सरळ. पण सुवर्णाबाईंची अडचण वेगळीच होती. दिलेला शब्द त्यांनी जन्मात फिरवला नव्हता. सकाळी एक आणि संध्याकाळी एक बोलणाऱ्या आपल्या नणंदेला त्या स्वतःच धरसोड म्हणत आल्या होत्या. आता तेच नाव आपल्याला पडायचं, याची त्यांना धास्ती वाटत होती.

पुढच्या रविवारी दोघं मुलगे आणि मीना सामान बांधायला रिकामी खोकी घेऊन आले. राजने भिंतीवरच्या घड्याळाला हात घातला, तेव्हा बाई म्हणाल्या, “ते राहू दे. मी येत नाय.”

अश्विनला आधी गंमत वाटली, मग राग आला. राजने कपाट रिकामं केलंय, मीनाने खोली लावलीय, सगळं ठरलंय. “तूच हो म्हणालीस ना आई? आता असं ऐनवेळी बदलून कसं चालेल?”

“एवढी वर्षं बदलतच आले की मी. तेव्हा कुणी काही म्हणालं नाय.” सुवर्णाबाई थांबल्या नाहीत. “तुझ्या बापाच्या पाळ्या संपल्या, आता तुम्ही लावताय. मला चालतं असं वाटलं तुम्हाला. मला चालत नव्हतं रे. मी चालवून घेत होते.”

राज घड्याळ तसंच सोडून मागे सरला. अश्विन उघड्या दारातून ओट्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “बाबा झोपले की आम्हाला तिथं बसवायचीस. लघवीला आत यायलासुद्धा भीती वाटायची.” त्याला आईची बाजू कळली की स्वतःचंच लहानपण आठवलं, कोण जाणे. पण त्याने खोकी दुमडून दारामागे उभी केली. रोज सकाळ-संध्याकाळ फोन करायचा आणि ताप आला तर लपवायचा नाही, एवढं त्याने आईकडून कबूल करून घेतलं. बाईंनी ते मनापासून कबूल केलं.

आता मात्र त्यांना फार थकल्यासारखं झालं. मीना चहा टाकायला आत गेली. घरात सगळ्यांना चहा गोड लागे, म्हणून बाईही इतकी वर्षं तसाच पीत आल्या होत्या. मीनाने आतून विचारलं, “आई, तुम्हाला नेहमीसारखाच ना?”

उत्तर ओठांवर आलं होतं. सुवर्णाबाईंनी ते गिळलं.

“नको,” त्या म्हणाल्या. “माझा वेगळा कर. आलं जास्त, साखर नावाला.”